भिंतीला स्नोसेम, दाराला ड्युको

पाऊस ओसरला की गोव्यात दोन गोष्टी एकदम डोळ्यांत भरतात : अंगणात कमरेएवढे वाढलेले तण आणि भिंतींवरचे पोपडे. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी त्या पोपड्यांविषयीच आहेत. मात्र रंगाच्या गुणदोषांपेक्षा रंगाच्या नावांवरूनच वाचकांचा अधिक गोंधळ झालेला दिसतो. म्हणून आजचे सदर रंगकामात रुळलेल्या कंपन्यांच्या नावांसाठी ठेवले आहे.

प्रश्न : आमचे बांदोड्याचे घर जुने, चिऱ्यांचे आहे. मे महिन्यात बाहेरून रंग द्यायचे ठरले, तेव्हा रंगाऱ्याने वहीच्या कागदावर लिहून दिले होते, 'बाहेरून स्नोसेम, दोन हात'. प्रत्यक्षात त्याने भलत्याच कंपनीच्या पातळ रंगाच्या बादल्या आणल्या. विचारले, तर 'ह्याकाच स्नोसेम म्हणटात' असे म्हणून तो कामाला लागला. आता पश्चिमेकडच्या भिंतीचे पोपडे उडत आहेत. ही फसवणूक समजावी काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : येथे शब्दाची चूक आणि कामाची चूक वेगवेगळ्या तपासाव्या लागतील, कारण पहिली क्षम्य आहे आणि दुसरी नाही.

स्नोसेम हे मुळात सिमेंट रंगाच्या एका छापाचे नाव. सिमेंट रंग म्हणजे पांढऱ्या सिमेंटात रंगद्रव्य आणि इतर पूरक पदार्थ मिसळून केलेली कोरडी पूड. ती पाण्यात कालवायची, तत्पूर्वी भिंत पाण्याने भिजवून घ्यायची, कालवलेला रंग काही तासांत संपवायचा आणि हात देऊन झाल्यावर पुन्हा भिंतीवर पाणी मारत राहायचे. कारण हा रंग नुसता वाळून उपयोग नसतो, तो सिमेंटासारखा धरावा लागतो आणि धरण्यासाठी त्याला ओलावा हवा असतो. बाहेरच्या भिंतीला चुन्यापेक्षा टिकाऊ आणि तरीही सामान्य घराला परवडणारा असा हा रंग असल्यामुळे 'बाहेरून स्नोसेम, आतून डिस्टेंपर' हे वाक्य आमच्या म्हापशाच्या दुकानात वडिलांच्या वेळी दिवसातून अनेकदा ऐकू येई. गिऱ्हाईक दुसऱ्या छापाची पूड घेऊन जाई, तरी वहीत नोंद 'स्नोसेम' अशीच होई, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

पुढे बाहेरच्या भिंतींसाठी तयार पातळ इमल्शन रंग आले आणि पुडीचा वापर घटला. शब्द मात्र तसाच राहिला, कारण तो डब्याला नव्हे, भिंतीला चिकटलेला होता. बाहेरच्या भिंतीचे काम म्हणजे स्नोसेम, मग बादलीत काहीही असो, असा अर्थ होऊन बसला. त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते गोव्यात विशेष जाणवते. एखाद्या बांधकामावर मालक कोकणी बोलतो, मुकादम मराठी, गवंडी कन्नड आणि रंगारी हिंदी किंवा ओडिया. 'सिमेंट रंग' की 'सिमेंटचा कलर' की आणखी काही, या भानगडीत पडण्यापेक्षा डब्यावरचा शब्द चौघांनाही सारखाच कळतो. पहाडावर, म्हणजे बांबूंच्या परांचीवर, चढलेल्या माणसाला खालून ओरडून सांगायचे असते, तेव्हा तीन अक्षरांचा शब्द कामास येतो. तेव्हा आपल्या रंगाऱ्याने 'स्नोसेम' लिहिले आणि इमल्शन आणले, यात त्याने शब्दाने खोटेपणा केला असे मी म्हणणार नाही.

आता पोपड्यांकडे येऊ. उडालेला एक पोपडा हलकेच सोडवून घ्या आणि त्याची पाठ पाहा. पाठीवर पांढरी भुकटी चिकटलेली असेल, आणि भिंतीच्या उघड्या पडलेल्या जागी तळहात घासल्यावर हातालाही तशीच भुकटी येत असेल, तर खाली जुना सिमेंट रंग किंवा चुना न खरवडता त्यावरच इमल्शन मारले गेले आहे. इमल्शनचा पापुद्रा त्या भुकटीला चिकटतो. भुकटी भिंतीला धरून नसते. पहिल्या जोरदार पावसात दोघे मिळून सुटतात. पोपड्याची पाठ स्वच्छ असेल आणि भिंत मात्र ओलसर गार लागत असेल, तर दुसराच प्रकार घडला असावा : रंगाऱ्याने जुन्या सवयीने आधी भिंत भिजवली. सिमेंट रंगाला जी भिंत ओली हवी असते, तीच इमल्शनला कोरडी हवी असते. अडकलेले पाणी आतून रंगाला फोड आणते. चिरा पाणी शोषून धरतो हे आपल्याला ठाऊक आहेच. नैऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर थेट आपटतो, त्यामुळे तीच भिंत आधी बोलली.

म्हणजे जुन्या शब्दाबरोबर जुनी कृतीही चालत आली. माझ्या मते या सगळ्या प्रकारातला खरा धोका हाच आहे. नाव चुकले म्हणून घर बिघडत नाही, पण नावाने काम करणारा माणूस नावासोबतच्या सवयीही घेऊन येतो.

उपाय सांगतो. भिंत पूर्ण वाळू द्या, म्हणजे निदान डिसेंबरपर्यंत थांबा. मग पत्रा आणि वायर ब्रश लावून सुटलेला सगळा रंग खरवडून काढा, भिंत धुऊन पुन्हा वाळवा, बाहेरच्या कामासाठीच्या प्रायमरचा एक हात द्या आणि त्यानंतर इमल्शनचे दोन हात. पुढच्या वेळी कागदावर 'स्नोसेम' एवढेच लिहून घेऊ नका. रंगाचा प्रकार, कंपनी आणि त्या मालाचे नाव, खरवडणे व प्रायमर यांचा उल्लेख, आणि हातांची संख्या, इतके लिहिलेले असावे. जे काम मोठे आहे आणि ज्याला ठेकेदार आहे, तेथे भारतीय मानकाचा क्रमांक घालून घ्यावा : सिमेंट रंगासाठी ५४१०, धुता येणाऱ्या डिस्टेंपरसाठी ४२८ आणि इमल्शनसाठी १५४८९. क्रमांक लिहिला की वाद उरत नाही, आणि रंगारी तोंडाने त्याला काय म्हणतो याची चिंताही करावी लागत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. नातवाने शाळेच्या निबंधात 'बाबांनी हॉलला ट्रॅक्टर मारला' असे लिहिले. मी हसले, पण नंतर वाईटही वाटले. कंपन्यांच्या नावांनी आपली भाषा गिळून टाकली आहे असे आपल्याला वाटत नाही काय? या वस्तूंना मराठी शब्दच नाहीत का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : नातवाचे वाक्य मला आवडले, हे आधीच कबूल करतो. ट्रॅक्टर हे एशियन पेंट्सच्या डिस्टेंपरचे नाव. ही कंपनी १९४२ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि तिची नावे घरोघर पोचली त्यात जाहिरातींतल्या, हातात ब्रश घेतलेल्या त्या खोडकर गट्टूचाही वाटा आहे. तो गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढला होता. मुलाने ऐकले तेच लिहिले. त्याच्या वाक्यात खटकण्याजोगे असेल तर एवढेच, की घरचा प्रसंग ज्याला ठाऊक नाही त्या वाचकाच्या डोळ्यांपुढे भिंतीत शिरलेला ट्रॅक्टर उभा राहतो. लेखनात तेथे 'डिस्टेंपरचे दोन हात दिले' असे हवे, बोलण्यात 'ट्रॅक्टर' चालेल.

आता मोठा प्रश्न. आपण ज्यांना कंपन्यांची नावे समजतो त्यांतील कित्येक तशी नाहीतच. डिस्टेंपर हे कोणाच्याही मालकीचे नाव नाही. भिजवणे, कालवणे अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून ते आले, आणि मुळात खडूची पूड, सरस व पाणी यांच्या मिश्रणाला ते वापरत. इनॅमल, प्रायमर, व्हार्निश हीही सामान्यनामेच आहेत. पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, या अक्षरांत पॅरिस शहर दडले आहे, जसे आपल्या छपरावरच्या मंगळुरी कौलात मंगळूर आहे. तेथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे गावाचे नावच कौलाची जात होऊन बसले. त्या कौलांनी आपली भाषा गिळली अशी तक्रार कधी कोणी केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. टर्पेंटाइनचे पाहा : ते पाइन वृक्षाच्या राळेपासून काढलेल्या तेलाचे नाव, पण रंगाच्या दुकानात त्या नावाने मिळणाऱ्या बाटलीत बहुधा खनिज तेलापासून काढलेला द्रव असतो. म्हणजे वस्तू बदलली तरी शब्द टिकतो, ही गोष्ट कंपनीच्या नावांपुरती मर्यादित नाही.

मराठी शब्द नाहीत, हे तर मला मुळीच मान्य नाही. ते आपण विसरत चाललो आहोत, आणि त्याचा दोष कंपन्यांवर टाकणे सोपे आहे इतकेच. खिडकीची काच बसवताना लावतात ते लुकण. भिंतीतले खड्डे आणि चिरा बुजवायला भरतात ती लांबी. आज सगळे पुट्टी म्हणतात, पण जुना रंगारी अजून 'आधी लांबी भरून घेऊया' असेच म्हणतो. लाकडाला चकाकी आणणारे ते रोगण. फ्रेंच पॉलिशचा जीव ज्यात असतो तो लाखेचा चपडा. आणि रंगाच्या थराला 'हात' म्हणणारी आपली भाषा तर मला कोणत्याही भाषेपेक्षा नेमकी वाटते, कारण त्या एका शब्दात थरही आला आणि तो देणारा माणूसही आला. गोव्यापुरते बोलायचे, तर काव आहे. तांबड्या मातीतून काढलेला तो रंग चुन्याच्या गिलाव्यावर चढवून, ओला असतानाच कोरून, आपल्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे काढली गेली. वाशांना आणि तुळयांना वाळवी लागू नये म्हणून काजूबियांच्या टरफलांचे तेल फासत. त्या काळ्या तेलाला कंपनीचे नाव कधीच नव्हते, आणि हाताला लागले तर कातडी जळत असे, म्हणून आम्हा मुलांना त्या दिवशी पडवीत पाऊल ठेवायची बंदी असे. ख्रिस्ती घरांतून पोर्तुगीज वळणाचे शब्द आले, खिडकीला जनेल, ओटीला बाल्कांव, आणि तेही आता इथलेच झाले आहेत.

तेव्हा नातवाला 'ट्रॅक्टर' खोडायला लावण्यापेक्षा 'लांबी' आणि 'हात' शिकवावेत, असे मी सुचवीन. सिमेंट रंगाला किंवा इमल्शनला नवा संस्कृत शब्द घडवण्याच्या खटाटोपात मात्र आपण पडू नये. पहाडावरून तो कोणाला ऐकू जाणार नाही.

प्रश्न : माझे मडगावला फर्निचरचे छोटे वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक 'कपाटाला ड्युको करा' असे सांगतात. आम्ही बहुतेक वेळा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग, मारतो, कारण ते टिकते. एका गिऱ्हाइकाने 'ड्युको सांगितले होते, पीयू का लावले' म्हणून पैसे अडवले. दोन्हींत फरक काय, आणि आम्ही चुकलो का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ड्युको या शब्दाचा प्रवास इतका लांबचा आहे, की आपले गिऱ्हाईक आणि आपण दोघेही एका अर्थी बरोबर आहात. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने १९२० नंतर नायट्रोसेल्युलोजचा एक पातळ, झटपट वाळणारा लॅकर काढला आणि त्याला ड्युको हे नाव दिले. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो निळ्या रंगात प्रथम दिसला. त्यापूर्वी मोटारीला तेलाचे रंग आणि रोगण ब्रशने हात देत देत चढवावे लागत, प्रत्येक हात वाळण्याची वाट पाहावी लागे, आणि एकेक गाडी कारखान्यात आठवडे अडकून पडे. ड्युको फवाऱ्याने मारता येई आणि त्याचे वाळणे तासांच्या हिशेबात आले. मोटारीच्या धंद्यात ही क्रांतीच होती. आपल्याकडे तो शब्द आला तो मोटारींबरोबर, आणि गॅरेजातून फर्निचरच्या कारखान्यात शिरताना त्याचा अर्थ हळूच बदलला. आता गिऱ्हाइकाच्या तोंडी ड्युको म्हणजे लाकडाची शीर दिसू न देणारा, फवाऱ्याने मारलेला, आरशासारखा गुळगुळीत रंग. त्यात रसायन कोणते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

रसायनात मात्र फरक मोठा आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकर नुसता द्रावक उडून गेल्याने वाळतो; म्हणून वाळल्यावरही थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो. पीयूमध्ये रंगात हार्डनर मिसळावा लागतो, दोघांचा रासायनिक संयोग होऊन थर कडक होतो, आणि एकदा झाला की थिनरला दाद देत नाही. कोणता माल मारला आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायचे असेल, तर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन अर्धा मिनिट दाबून धरा. बोळ्याला रंग आला आणि जागा चिकट झाली, तर लॅकर. बोळा कोरडा निघाला आणि चकाकी तशीच राहिली, तर पीयू. बाहेरच्या बाजूला हा प्रयोग करू नये, हे सांगायला नकोच.

आपल्या हवेत आणखी एक मुद्दा आहे. लॅकरातला द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेत दमटपणा फार असेल तर त्या गार थरावर पाण्याचे सूक्ष्म कण जमतात. परिणामी काळ्या किंवा गडद रंगावर दुधासारखी पांढरट झाक येते. जून ते सप्टेंबर या काळात मडगावला लॅकर मारणाऱ्या कोणालाही हा अनुभव चुकलेला नसावा. उघडीप पाहून काम करणे किंवा सावकाश उडणारा द्रावक मिसळणे, हे त्यावरचे नेहमीचे उपाय.

आपण चुकलात काय? मालाच्या निवडीत नाही; उलट बहुतेक कामांना आपण दिले ते अधिक टिकाऊ आहे. पण दराच्या कागदावर आपण 'ड्युको' हाच शब्द लिहिला असेल आणि त्याखाली दर पीयूचा लावला असेल, तर गिऱ्हाइकाला बोलायला जागा आपणच करून दिली. कागदावर 'पीयूचा अपारदर्शक रंग, फवाऱ्याने' असे लिहावे आणि नमुन्याची एक लाकडी पट्टी रंगवून मागच्या बाजूला दोघांच्या सह्या घ्याव्यात. तोंडी त्याला खुशाल ड्युको म्हणा. संपूर्ण मडगाव म्हणते.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. एखाद्या कंपनीचे नाव लोक वस्तूचे नाव म्हणून वापरू लागले, तर कंपनीला आनंद व्हायला हवा. मग कंपन्या त्यावर हरकत का घेतात? आणि असे बोलणाऱ्यावर खटला होऊ शकतो का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : बोलणाऱ्यावर खटला होत नाही. घरात बसून आपण प्रत्येक गोंदाला फेविकॉल म्हणावे, त्यात कायद्याचा काही संबंध नाही. रंगारी चुन्यात कोणताही गोंद घालून 'फेविकॉल घातलाय, हाताला लागणार नाही' असे म्हणतो, त्याचेही तेच. भानगड व्यापारात सुरू होते. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ३६ आपण वाचले असेलच. नोंदणीनंतर एखादा शब्द वस्तूचे नाव म्हणून वापरला जाऊ लागला, एवढ्यावरून नोंदणी रद्दबातल ठरत नाही. परंतु त्या धंद्यातील लोकांतच तो शब्द मालकाशी संबंध न राखता वस्तूचे नाव म्हणून सुप्रसिद्ध आणि रूढ झाला, तर मालकाचा एकाधिकार जाऊ शकतो. म्हणजे गिऱ्हाईक काय म्हणते यापेक्षा दुकानदार, ठेकेदार आणि कारखानदार काय म्हणतात याला तेथे वजन आहे. आमच्या वडिलांच्या वहीतली ती 'स्नोसेम' ही नोंद आता मला जरा वेगळ्या नजरेने दिसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जवळजवळ रंगाच्या डब्यातूनच निघाले आहे. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाला जवसाच्या तेलाच्या रंगावर धरलेली रबरासारखी साय दिसली, आणि तिच्यापासून जमिनीवर अंथरण्याचा एक पदार्थ त्याने तयार केला. जवस आणि तेल यांच्या लॅटिन शब्दांची सांगड घालून त्याने त्याला लिनोलियम म्हटले. पेटंट १८६३ चे. पेटंटाची मुदत संपल्यावर स्कॉटलंडमधल्या एका प्रतिस्पर्ध्याने तोच माल त्याच नावाने विकायला काढला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. १८७८ मध्ये निकाल प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने लागला : या पदार्थाला दुसरे नावच नाही, तेव्हा हे नाव पदार्थाचे आहे. वस्तू नवी, आणि तिला सामान्यनाम देण्याचे मालकाला सुचले नाही, तर त्याने ठेवलेले खास नाव लोक सामान्यनाम म्हणून उचलतात. म्हणूनच शहाण्या कंपन्या डब्यावर आपल्या नावाशेजारी 'चिकटद्रव्य', 'डिस्टेंपर', 'बाह्य इमल्शन' असा प्रकारही छापतात. तो शोभेसाठी नसतो.

दुसऱ्याचा माल नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरून विकणे, ही मात्र निराळी गोष्ट. ते व्यापारचिन्हाचे उघड खोटेकरण असून त्याला कलम १०३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. गिऱ्हाइकाने रिकामे डबे दुकानात परत देण्याऐवजी झाकणाला भोक पाडून टाकावेत असे मी म्हणतो, ते याचसाठी.

प्रश्न : आजी चुन्यात 'रॉबिन' घालायला सांगायची. ते का? आता तेच घालावे की कोणतीही नीळ चालेल? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : रॉबिन ही कपड्यांची नीळ, आजीच्या पिढीला दुसरी फारशी ठाऊक नव्हती, म्हणून नीळ म्हणजेच रॉबिन. चुन्याला किंचित पिवळट छटा असते, ती चिमूटभर निळ्याने दबते आणि भिंत अधिक पांढरी भासते. या पूड निळीतले अल्ट्रामरीन हे रंगद्रव्य चुन्याच्या दाहकपणात टिकते, सगळीच निळी द्रव्ये तशी टिकत नाहीत; म्हणून कोणत्याही छापाची चालेल, पण पूड नीळच घ्यावी. आधी ती फडक्यात बांधून वाटीभर पाण्यात पिळून घ्यावी आणि ते पाणी चुन्यात ओतावे. कोरडी टाकली, तर ब्रशाबरोबर निळे फराटे उठतात, आणि ते दुसऱ्या हातानेही झाकत नाहीत.

प्रश्न : 'स्नोसेम मारला' की 'मारले'? घरात यावरून रोज वाद होतो. (एक वाचक, वाळपई)

उत्तर : रंग मनात असेल तर 'मारला', नुसता शब्द ऐकून बोलणारा 'मारले' म्हणतो, मी दोन्ही ऐकले आहेत आणि दोन्ही सोडून देतो. पुट्टी ईकारान्त असल्याने निमूटपणे स्त्रीलिंगी झाली, 'पुट्टी ओढली'. ड्युको पुल्लिंगी झाला. एम-सीलचे अजून ठरलेले नाही : नळाचा सांधा बुजवणारा प्लंबर 'एमसील लावले' म्हणतो, आणि तीच दोन रंगांची कणीक एक रंग होईपर्यंत मळून भिंतीतल्या पाइपाभोवती दाबणारा आमचा रंगारी 'एमसील लावली' म्हणतो. स्नोसेमपुरते सांगायचे, तर मी स्वतः 'मारले' लिहितो.